मदत हवी आहे: डब्ल्यूडीएम-2 चं मॉडेल स्टेशनात थांबलं की हेडलाइट विझतो, लुकलुकणारा फ्लॅशर दिवाही दगा देतो

नमस्कार मंडळी,

चार रविवार गेले. घरात आता सोल्डरच्या वासावरून रोज बोलणी बसतात, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

माझ्याकडे एचओ मापाचं, म्हणजे 1:87 चं, डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन आहे. साध्या डीसीवर चालतं, कंट्रोलर 0 ते 12 व्होल्टचा: रुळांत जितके व्होल्ट, तितका वेग. लहानपण पुण्यात, घोरपडीच्या डिझेल शेडच्या मागच्या चाळीत गेलं. त्यामुळे आल्को (या इंजिनाच्या मूळ अमेरिकन कंपनीचं नाव) म्हटलं की मला रात्रीचं इंजिन आठवतं: सिग्नलला थांबून गुरगुरणारं, आणि हेडलाइटच्या झोतात किड्यांचा थवा. तेवढंच टेबलावर हवंय. किडे नसले तरी चालतील. पण माझी गाडी फलाटाला लागते आणि गुडुप्प अंधार होतो.

आतापर्यंतचे उद्योग असे. मूळचा फिलामेंटचा बल्ब वेगाबरोबर कमीजास्त व्हायचा, तो काढून पांढरा एलईडी आणि 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला. गाडी उलटी चालवली, म्हणजे रुळांतली वीजही उलटी झाली, आणि थोड्याच वेळात एलईडी गेला. एलईडीला उलट्या बाजूने साधारण 5 व्होल्टच सोसतात, हे ज्ञान नंतर झालं. मग उलटी वीज अडवणारा 1एन4148 डायोड सिरीजमध्ये टाकला. हा एलईडी जगला, पण उजेड दातांच्या दवाखान्यातल्यासारखा निळसर. शिवाय हूडचं प्लास्टिक इतकं पातळ की सगळं नाकच आकाशकंदिलासारखं उजळतं.

तिसरं दुखणं पिवळ्या फ्लॅशरचं. 555 टायमरची चिप वापरलीय: 10 के आणि 100 के (किलोओहम) रेझिस्टर, 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे मिनिटाला 41 लुकलुका. 9 व्होल्टच्या बॅटरीवर टेबलावर झकास चालतो. रुळांवरून ब्रिज रेक्टिफायर (गाडी सुलटी-उलटी कशीही चालो, वीज एकाच दिशेने देणारे चार डायोड) लावून वीज दिली की इंजिन वेगात असेपर्यंतच चालतो, हळू केलं की बंद. माझं इंजिन 3 व्होल्टलाच हलायला लागतं. फ्लॅशर कायम लुकलुकत राहावा, तर काय करू? 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, जेमतेम अर्धा सेकंद तग धरतो.

— घोरपडी लूप

पासोड्या विठोबा: कपॅसिटरचा दोष नाही हो. 10 मिलिअँपिअर काढत 5 व्होल्ट उतरायला 1000 मायक्रोफॅरडला अर्धाच सेकंद लागतो, गणित तेच सांगतं. ब्रिजमध्ये 1.4 व्होल्ट जातात, साध्या 555 ला निदान 4.5 लागतात, म्हणजे रुळांत 6 च्या खाली आलात की तो आडवा. आणि गाडी थांबली की रुळांत काहीच नाही, मग दिवा लागणार कशावर? दोन वाटा आहेत. एक, डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल. रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज, आणि चालवायचं की थांबवायचं हे इंजिनात बसवलेली डिकोडर चिप ठरवते. डिकोडरची पांढरी वायर पुढचा हेडलाइट, पिवळी मागचा, निळी सामाईक पॉझिटिव्ह. निळी कधीही रुळाच्या वायरला लावू नका. रेझिस्टर 1 के नको, 4.7 के लावा. 14 व्होल्टवर सव्वादोन मिलिअँपिअरच्या आसपास जातील, छोट्या एलईडीला रग्गड. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही (डिकोडरमधलं सेटिंग) बदलला की दिवा फिलामेंटसारखा हळूहळू उजळतो आणि विझतो.

खर्च नको असेल तर दुसरी वाट: हूडमध्ये छोटा 3.7 व्होल्टचा लिथियम सेल, आणि इंधनटाकीखाली सरकता स्विच. फ्लॅशरला साध्या 555 ऐवजी एलएमसी555 घ्या, तो 1.5 व्होल्टपासून चालतो. बुधवार पेठेत नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल.

यार्ड मास्तर: आकाशकंदिलाचा इलाज सोपा. बॉडी आतून आधी मॅट काळी रंगवा, त्यावर चंदेरी. एलईडीभोवती काळी हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती). रंगासाठी 3000 केल्विनच्या जवळपासचा वॉर्म व्हाइट घ्या. तरी पांढरट वाटला तर पारदर्शक नारिंगी रंगाचा एकच हात. दोन हात मारलेत तर बैलगाडीचा कंदील होईल, अनुभव आहे.

मागचा बँकर: सर्किटचं मला कळत नाही, पण एक विचारू का? फ्लॅशर कायम लुकलुकता कशाला हवाय? तो धोक्याचा दिवा आहे. गाडी अचानक अडली, शेजारची लाइन अडली असण्याची शक्यता असली, की लोको पायलट तो लावतो, म्हणजे समोरून येणाऱ्याने गाडी थांबवावी. साध्या फेरीला फ्लॅशर लावून फिरलात तर खऱ्या लाइनवर समोरची गाडी ब्रेक मारेल. तुम्हाला फलाटावरचं इंजिन हवंय ना? मग हेडलाइट डीम करा. उभ्या गाडीचा किंवा समोरून गाडी येताना झोत पूर्ण ठेवत नाहीत. पुढे दोन पांढरे मार्कर, म्हणजे छोटे खुणेचे दिवे, द्या. शंटरच (यार्डात डबे हलवणारं इंजिन) करायचा असेल तर मार्कर दोन्ही टोकांना लाल.

घोरपडी लूप: बँकरसाहेब, चाळीच्या गच्चीवरून इतकी इंजिनं पाहिली, पण फ्लॅशर लागलेलं फार तर दोनदा पाहिलं असेन. तेच लक्षात राहिलं आणि तेच बनवत बसलो!

डीसीसी खिशाबाहेर आहे, सेलची वाट धरली. काल रात्री जमलं: हेडलाइटला दोन रेझिस्टर, एक पूर्ण, एक डीम, मध्ये स्विच. आतून काळा आणि चंदेरी हात दिलाय, नाक आता अंधारात. फ्लॅशर बसवलाय, वेगळ्या स्विचवर, आणि बंद ठेवलाय. आईने खोलीतला दिवा घालवून पाहिलं आणि म्हणाली, "हं, आता भोंगा तेवढा राहिला."

मार्कर मात्र अडलेत. उजेड टोकापर्यंत नेणाऱ्या एकाच 0.75 मिलिमीटरच्या फायबरला मागून पांढरा आणि लाल, दोन्ही एलईडी द्यायचे आहेत. लाल लावला की पांढऱ्या एलईडीवरच्या पिवळसर फॉस्फर लेपामुळे टोकाशी रंग गढूळ होतो. दोन रंगांचा एकच एलईडी कोणी वापरलाय का, की दोन फायबर वितळवून एकत्र जोडता येतात?