बहिऱ्या लेकराला आधी साईन (हातांची सांकेतिक भाषा) की आधी बोलणं? खान्देशातल्या पालकांसाठी चर्चा

गिरणाकाठ (जळगाव)
"हातवारे शिकवू नका, पोरगं आळशी होईल, मग कधीच बोलणार नाही." जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, लेकराचं बहिरेपण कळलं की आईबापाच्या कानावर पहिला हाच सल्ला पडतो. मला तो साफ चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

माझं मत असं: कानाचं मशीन लावा, बसत असेल तर कॉक्लिअर (आतल्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन) करा, स्पीच थेरपी सोडू नका. पण ज्या दिवशी बेरा टेस्टचा (ऐकू येतं का याच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात येतो त्या दिवसापासून घरात साईनसुद्धा सुरू करा. "आधी बोलणं बघू, नाही जमलं तर साईन आहेच" या क्रमात लेकराची वर्षं जातात. बोलणं जमलं नाही हे पक्कं कळेपर्यंत पोरगं सहा-सात वर्षांचं झालेलं असतं. ते शाळेत येतं तेव्हा त्याला स्वतःचं नाव ठाऊक नसतं, काल आणि उद्या यांतला फरक ठाऊक नसतो. भूक लागली की ताट आणतं, पण "मला काल ताप होता" हे सांगायला त्याच्याकडे काहीच नसतं. पहिल्या चार-पाच वर्षांत जी भाषा मिळायला हवी ती नंतर ओंजळीने घातली तरी पूर्ण भरत नाही.

"ओठ वाचेल की" म्हणणाऱ्यांनी एक करून बघावं. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता म्हणा: पापा, बाबा, मामा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. क, ख, ग तर घशापाशी होतात, बाहेर दिसतच नाहीत. वर आपल्याकडे थेरपीत शिकवणार "कुठे चाललास?" आणि घरी आजी विचारणार "कथा जाई ऱ्हायना?" अहिराणी घरातल्या लेकराने नेमके कुठले ओठ वाचायचे?

श्रवण_धुळे
असहमत. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी.

मी वाचा-श्रवणाच्या कामातला, त्यामुळे घड्याळाबद्दल आधी. जन्मल्यावर १ महिन्यात ओएई (कानाची पहिली प्राथमिक) चाचणी, ३ महिन्यांत बेरा करून निदान, ६ महिन्यांच्या आत मशीन कानावर, हा क्रम जगभर मानला जातो. आपल्याकडे मात्र "आजोबा पण उशिरा बोलले होते" म्हणत घरच्यांची दोन-अडीच वर्षं जातात. मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाला आवाज मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते. कॉक्लिअर दोन वर्षांच्या आत झालं तर फळ चांगलं, आणि केंद्राच्या एडिप योजनेतलं (अपंगांना साधनांसाठी मदत देणारी योजना) अनुदानसुद्धा जन्मतः बहिऱ्या लेकरांना ५ वर्षांपर्यंतच. ही गाडी एकदाच येते.

"दोन्ही सुरू ठेवा" ऐकायला छान, पण घरात काय होतं? साईनने काम भागतंय म्हटल्यावर मशीन डब्यात जातं. दिवसाला दहा-बारा तास कानावर हवं ते दोन तासांवर येतं. कारण विचारलं तर "ठेवतच नाही हो कानात". बहुतेक वेळा दोष साच्याचा, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या भागाचा असतो. लहान लेकराचा कान वाढतो, साचा तीन ते सहा महिन्यांत सैल होतो, फटीतून आवाज परत माईकमध्ये जातो आणि मशीन शिट्टी मारतं. मे महिन्यात जळगावात पारा ४५ला टेकला की साच्याच्या नळीत घामाचं पाणी धरतं, आवाज बंद. रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, नळीला फुंकणीने हवा मारायची. झिंकच्या सेलचा स्टिकर काढला की मिनिटभर थांबून मग झाकण लावायचं, हवा लागल्याशिवाय तो सेल पूर्ण ताकद देत नाही. एवढं केलं तर निम्मी पोरं मशीन ठेवतात असं माझं निरीक्षण.

आणि एक कडू गोष्ट. दहापैकी नऊहून जास्त बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या आईला वीस-पंचवीस खुणा येतात: जेव, झोप, शी, पाणी. ही भाषा झाली का? तुटपुंजी साईन आणि तुटपुंजं बोलणं, दोन्ही ताटांवर लेकरू उपाशी.

हात_बोलतात (भुसावळ)
डेफ म्हणून लिहितेय. साईन ही माझी भाषा आहे, मराठी दुसरी.

श्रवण भाऊ, साचा आणि सेलबद्दल तुम्ही लिहिलं ते प्रत्येक पालकाने छापून भिंतीला लावावं. पण तुमच्या उत्तरात लेकरू कानापासून सुरू होतं आणि कानापाशीच संपतं. कॉक्लिअरचा बाहेरचा प्रोसेसर आंघोळीला काढतात, झोपताना काढतात, सेल संपला की तो गप्प. त्या वेळी ते मूल बहिरंच असतं. रात्री पोट दुखलं तर ते आईला काय सांगणार, आणि आई त्याला?

तुम्ही साईनला "काम भागवण्याची" गोष्ट म्हणालात. जरा जवळून बघा. एका खुणेत हाताचा आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा, पाचही गोष्टी एकदम चालतात. एक बदलली की अर्थ बदलतो. "जेवण झालं" आणि "जेवण झालं?" यांत हात तेच असतात, दुसऱ्यात भुवया वर जातात आणि मान किंचित पुढे येते. मराठीत तुम्ही जे सुराने करता ते आम्ही भुवईने करतो. वाक्यात वेळ आधी येते, नकार शेवटी, "काय-कुठे-कधी" शेवटी: "उद्या बाजार मी जाणे नाही." "बस धुळे जाणे कधी?" स्पेलिंग, म्हणजे एकेक अक्षर बोटांनी दाखवणं, दोन हातांनी होतं, इंग्रजीचे पाच स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर: अंगठ्यावर ए, पुढच्या बोटावर ई, मग आय, ओ, आणि करंगळीवर यू. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या शेवटी बहिरी मुलं पहिल्यांदा एका शाळेत जमली. शिक्षक त्यांना स्पॅनिशचे ओठ वाचायला शिकवत होते, आणि मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपसात नवी भाषा उभी केली. लेकरं एकत्र आली की भाषा उगवते, तिला मनाई कशाला?

मनाईचा इतिहासही आहे. १८८० साली बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या परिषदेने शाळांमध्ये बोलणंच हवं असा ठराव केला आणि कित्येक देशांत पोरांचे हात बांधले गेले. त्याच परंपरेच्या परिषदेने २०१० साली व्हँकुव्हरला ते ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. मधली १३० वर्षं कोणाची गेली? आमची.

अजून एक. पाट्यांवर "मूकबधिर" लिहिणं बंद करा. आम्ही मुके नाही, गळा शाबूत आहे आणि हात त्याहून शाबूत. कर्णबधिर म्हणा, बहिरा म्हणा, डेफ म्हणा, चालतं. डेफ लोकांत प्रत्येकाला साईन-नाव मिळतं, हनुवटीवरच्या तिळावरून, केसांवरून, हसण्यावरून. ज्या दिवशी ते मिळतं त्या दिवशी लेकरू कोणाचं तरी होतं. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात, कलम २४मध्ये, बहिऱ्या समाजाची भाषिक ओळख जपा असं स्पष्ट लिहिलं आहे. आमचा अभिमान त्या भाषेचा आहे. तो २३ सप्टेंबरच्या साईन भाषा दिवसापुरता नसतो.

केळीबाग_रावेर
ताई, अभिमान मान्य. पण रावेरच्या बाजारात, रेशनच्या दुकानात, एसटीच्या खिडकीवर साईन कोणाला येते? पोराला उद्या जगायचं आहे ते बोलणाऱ्यांच्यात.

मला जास्त खुपतं ते मराठी लिहिणं. साईनच्या शाळेतून दहावी झालेली मुलं "राम आंबा खाल्ला" लिहितात. "ने" गेला, "ला" गेला. बँकेचा फॉर्म, तलाठ्याकडचा अर्ज, नोकरीची परीक्षा, सगळं लेखी मराठीत. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण दिलं, त्यातला १ टक्का बहिऱ्या आणि कमी ऐकणाऱ्यांना. त्या जागेपर्यंत पोहोचायला परीक्षा मराठीत वाचावी लागते. तिथे भुवया कामाला येत नाहीत.

गिरणाकाठ
केळीबाग, विभक्तीचा मुद्दा खरा आहे, पण दोष साईनवर टाकू नका. तोंडीच शिकवणाऱ्या शाळांतली मुलंही हेच लिहितात. "रामने" म्हणताना शेवटचा "ने" हलका जातो, ओठांवर दिसत नाही, मशीनमधून नीट येत नाही. साईनमध्ये विभक्ती प्रत्ययाने लागत नाही, जागेने आणि दिशेने लागते: खुणेची दिशा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. मुलाला "कोणी कोणाला दिलं" हे ठाऊक असतं, "ने" आणि "ला" त्याच गोष्टीचे कपडे आहेत हे कोणी दाखवलेलं नसतं.

शिकवायची रीत: फळ्यावर "रामने सीताला आंबा दिला". शब्दावर बोट, मग स्पेलिंग, मग साईन, परत शब्दावर बोट. त्यानंतर साईनचं वाक्य शेजारी आणि "ने", "ला" लाल खडूने. मग नावं उलटी: "सीताने रामला". मुलांना वर्गात उभं करून खरा आंबा हातात द्यायला लावा, चूक त्यांची त्यांनाच कळते. दोनच प्रत्यय, दोन आठवडे. "चा-ची-चे" नंतर. सगळे एकदम आणले की सगळे सांडतात. हे सगळं समजावायला मधे भाषा लागते, आणि ती साईन आहे.

सातपुडा (नंदुरबार)
दोन्ही बाजू शहरातून बोलताय. अक्कलकुवा, धडगावचं लेकरू घरी भिली किंवा पावरी ऐकणाऱ्यांचं. कॉक्लिअरसाठी मुंबई गाठायची तर ती जळगावपासूनच सव्वाचारशे किलोमीटर, धडगावची गोष्ट सोडा. कॉक्लिअरनंतर प्रोसेसर पुन्हा पुन्हा मॅप करावा लागतो (लेकरासाठी आवाजाची पातळी बसवावी लागते), वर थेरपीची दोन-तीन वर्षं. हंगामात ऊसतोडीला जाणारं घर हे कसं पाळणार? तिथे श्रवण भाऊंचं घड्याळ चालत नाही.

पण साईनवाल्यांनाही विचारायचं आहे, कोणती साईन? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश २०१८ साली ३,००० शब्दांचा होता, २०२१ साली १०,००० झाला. कामाची गोष्ट, फोनवर ॲपही आहे. पण वसतिगृहात मोठ्या पोरांकडून लहान पोरांकडे रात्री जी साईन जाते तिच्यात भाकर, भरीत, पोळा, होळी, मोहाची फुलं सगळ्यांसाठी आपल्या खुणा आहेत. "ही चूक, दिल्लीची बरोबर" म्हणत ती पुसायला लागलो तर अहिराणी बोलणाऱ्या पोराला "शुद्ध बोल" म्हणून छडी मारणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय? दोन्ही शिकवा: गावची गावात, कोशातली परीक्षेला आणि बाहेरच्या डेफना भेटायला.

सगळ्यात जीव तुटतो तो दिवाळीच्या सुट्टीत. पोरगं वसतिगृहात भरभरून साईन करतं, घरी येतं, आणि मायशी बोलायला दोघांकडे काही नाही. वीस दिवस गप्प बसून परत जातं. शाळेने फक्त पोराला शिकवून भागत नाही.

श्रवण_धुळे
सातपुडा, घड्याळाबद्दल मान्य. ज्या घराला थेरपी गाठताच येत नाही त्या घराला "साईन नको" सांगणं म्हणजे लेकराला बिनभाषेचं ठेवणं. तो सल्ला मी मागे घेतो.

पण कॉक्लिअर झालेल्या मुलाबद्दल मी हटणार नाही. पहिली दोन वर्षं रोज तास-दीड तास फक्त ऐकण्याचा हवा, त्यात हात खाली. डबा वाजला, कुकरची शिट्टी झाली, रिक्षा गेली, थांबा, कानाकडे बोट करा, "ऐकलंस?" म्हणा. उरलेल्या वेळात साईन करा, माझी हरकत नाही. आणि आईबापांना शिकवणार कोण, याचं उत्तर या धाग्यात अजून आलेलं नाही.

हात_बोलतात
उत्तर कायद्यातच आहे, भाऊ. २०१६च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की साईन येणारे शिक्षक, अपंग शिक्षकांसह, तयार करा आणि नेमा. साईन शिकवण्याची पदविका आहे आणि ती डेफ लोकांसाठीच आहे. तालुक्याला एक डेफ शिक्षक आठवड्यातून दोनदा अशा घरी गेला तर आईची साईन वीस खुणांवर अडत नाही. ती त्याच्यासोबत गप्पा मारते, चुकते, सुधारते. ॲपमधून शब्द मिळतात, गप्पा माणसाकडूनच येतात. डीटीएचवर पीएम ई-विद्या या सरकारी शिक्षण उपक्रमाचा ३१ नंबरचा चॅनेल डिसेंबर २०२४पासून साईनमध्ये चालतो, रेंज नसलेल्या पाड्यावर तो तरी लावा.

तास-दीड तास हात खाली ठेवायला माझी ना नाही. फक्त त्या वेळात लेकरू रडायला लागलं तर हात वर करा.

केळीबाग_रावेर
हे पटलं. घरात आजच सुरू करायचं तर कुठून?

गिरणाकाठ
शब्दांची यादी पाठ करत बसू नका. घरातल्या रोजच्या चार गोष्टी घ्या: जेवण, आंघोळ, शेतात जाणं, झोपणं. प्रत्येकीभोवती पाच-सहा खुणा, आणि पहिल्या आठवड्यापासून "काल, आज, उद्या". हाक मारायची तर खांद्यावर हात किंवा जमिनीवर पाय आपटा, पाठीमागून ओढू नका. लेकरू एका वेळी एकच बघू शकतं, बैल किंवा तुमचे हात. म्हणून बैलाकडे बोट दाखवा, त्याला पोटभर बघू द्या, त्याची नजर तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा, मगच "बैल, पाणी पितो" करा. घाईत बहुतेक आईबाप इथेच चुकतात. पोरगं बैलाकडे बघत असताना साईन करून मोकळे होतात आणि "लक्षच देत नाही" म्हणतात.

हात_बोलतात
एक भर. लाईट गेल्यावर साईन थांबते, म्हणून चार्जिंगचा दिवा एक कायम हाताशी. तो स्वतःच्या पाठीमागे ठेवू नका, चेहरा काळा दिसतो आणि भुवया दिसत नाहीत. लेकराच्या मागे, जरा उंचावर ठेवा, उजेड तुमच्या तोंडावर आणि हातांवर पडू द्या.