अनुभव धागा: आतला कधी भेटला का?

तोतरा_पोट्टा:
काल नागपुरात महाल भागात गांधीगेटपाशी खंजिरी ऐकू आली अन् गाडी बाजूलाच घेतली. सातवीत मी एवढा अडखळायचो की किराणा दुकानात चिठ्ठी घेऊन जायचो. गुरुवारी आजोबा भजनाला न्यायचे. एकदा खंजिरीवाले काका आले नाहीत. आजोबांनी खंजिरी माझ्या हातात कोंबली, "वाजव अन् म्हण." म्हटलं. चारही कडवी, कुठंच अडकलो नाही! पुढं डॉक्टरांनी सांगितलं, गाताना बहुतेकांचं अडखळणं थांबतंच, चमत्कार नाही. नसेल. पण त्या रात्री वाटलं, अडखळतो तो वेगळा, आत दुसरा कुणी आरामात बसून आहे. बोलतो अजूनही तसाच. तुमचं सांगा.

कुकरच्या_शिट्ट्या:
माझापण आहे, सासूबाईंच्या शेवटच्या महिन्यातला. तीन शिट्ट्या झाल्या की येते.

धरमपेठी:
माहुरझरी, विपश्यना, १० दिवस. पहाटे ४ ला घंटा. पहिले तीन दिवस नुसता श्वास, मग तासतासभर हलायचं नाही. माझं सगळं ध्यान शेजारच्याच्या घोरण्यावर. सहाव्या दिवशी डावा गुडघा पेटला. बघत राहिलो. दुखत होतं, पण ते माझं राहिलं नव्हतं. दोनेक मिनिटं असेल. मग परत घोरणं. घरी आलो त्याच संध्याकाळी पार्किंगवरून भांडलो.

तर्री_मारके:
चहा भेटते का तिथं?

धरमपेठी:
संध्याकाळी ५ ला, नवीन असाल तर. जुन्यांना लिंबूपाणी.

तर्री_मारके:
मंग नवीनच बरं बावा 😄

निळी_ओढणी:
आमच्या घरात देव नाही, म्हणून लिहू की नको करत होते. आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेला होती, उसनं पांढरं लुगडं नेसून. बाबासाहेबांमागून २२ प्रतिज्ञा म्हणायच्या, अन् हिचा आवाजच फुटेना. चारचौघांत तोंड उघडायची सवयच नव्हती. शेजारची बाई जोरात म्हणायला लागली तेव्हा हिचाही फुटला. पुढं म्हातारपणी सगळ्या गल्लीला दटवायची, ते वेगळं. माझं एवढंच: एमपीएससी तिसऱ्यांदा हुकली, दीक्षाभूमीच्या स्तूपात जाऊन बसले. आतून सगळा पोकळ, कुणी खोकललं तरी घुमतं. आजीचा तो न फुटणारा आवाज आठवला अन् रडू थांबलं. याला देव म्हणायचं तर तुम्ही म्हणा, मी नाही म्हणणार.

तोतरा_पोट्टा:
नका म्हणू ताई. आजीचं अजून लिहा पण.

निळी_ओढणी:
लिहीन. लुगडं परत केलंच नव्हतं तिनं, तो एक किस्साच आहे.

कुकरच्या_शिट्ट्या:
आले. भात लागला खाली. सासूबाईंशी बावीस वर्षं कामापुरतंच बोलणं. त्यांचं अंग पुसताना आधी पोटात ढवळायचं, खोटं कशाला बोलू. एक दिवस पाठ पुसता पुसता कळलं, मी गुणगुणतेय. कळल्यावर गप्प झाले. त्या भिंतीकडं तोंड करूनच म्हणाल्या, "काहून थांबली?" एवढंच. पोरगी आली ट्यूशनहून, जाते.

धरमपेठी:
🙏

तर्री_मारके:
भाऊ, ती खंजिरी आहे का अजून?

तोतरा_पोट्टा:
आहे. चामडं ढिलं पडलंय. इतवारीत कुणी ताणून देत असेल तर सांगा.