सर्पगंधा: ६० बियांतून जेमतेम ४ रोपं, कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

गेल्या सप्टेंबरात ओळखीतल्या एका बागेतून सर्पगंधेची काळी पडलेली, पिकलेली फळं मिळाली. रानातली नाहीत, हे आधीच सांगते. मुळांपायी ती तिथून उपटून उपटून संपत आली आहे, त्यात माझी भर नको. गर काढून बिया धुतल्या, सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवल्या.

यंदा जूनच्या सुरुवातीला माती, वाळू, शेणखत मिसळून ट्रेमध्ये ६० बिया पेरल्या. २२ दिवसांनी पहिला कोंब, पाचव्या आठवड्यापर्यंत एकूण चार. त्यातली दोन रोपं मातीलगत काळी पडून आडवी झाली.

परवा न राहवून एक बी उकरून फोडली. आत काहीच नाही, नुसतं टरफल! बाकीच्यांची वाट पाहू का? पुढच्या खेपेला कवच घासून पातळ करावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
कवच घासायच्या भानगडीत पडू नका. कवच दगडासारखं असतं हे खरं, पण सर्पगंधेत पोचट बियाही बऱ्याच निघतात, त्यांना घासून काय उपयोग? आधी पाण्यात टाका. थोडा वेळ भिजूनही तरंगतात त्या काढून टाका, बुडालेल्या २४ तास भिजवून पेरा. शिवाय बी ताजं हवं, नऊ महिने फार झाले. ट्रे मात्र टाकू नका, सगळ्या एकदम उगवत नाहीत. रोपं कोलमडली ती ओलीमुळे. पाणी कमी, वाळू जास्त, वारा खेळता ठेवा.

प्रतिसाद २
मूळ झाडाची पानं एका पेरावर तीन होती की चार? चार आणि त्यातही लहानमोठी असतील, तर ती अमेरिकेकडून आलेली रौवोल्फिया टेट्राफायला. सर्रास सर्पगंधा म्हणून खपते. खरीचे फुलांचे देठ लालभडक, फूल लांब नळीचं.

धागाकर्ती
जुना फोटो शोधला. देठ लाल, पानं तीन-तीन. हुश्श! पाकिटात उरलेल्या ४० बिया पाण्यात टाकल्या, २९ तरंगल्या. म्हणजे मी बहुतेक टरफलंच पेरली होती. ११ भिजत घातल्यात. त्या दोन रोपांना चार-सहा पानं आली की पिशवीत हलवेन, तोवर खत नकोच ना?