मदत हवी आहे : मुलांच्या माइनक्राफ्टमधील नाशिकसाठी सुरक्षित सर्व्हर कसा उभारावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या इंदिरानगरमधील सोसायटीची काही शाळकरी मुले माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधण्याच्या संगणकीय खेळात गोदाकाठ उभारत आहेत. काळाराम मंदिरासाठी काळा दगड कोणता घ्यावा, पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर दाखवावे, यावर ती ज्या गांभीर्याने चर्चा करतात ते पाहून हे काम अर्धवट राहू नये असे मनापासून वाटते.

अडचण अशी की, काहींकडे संगणकावरील जावा आवृत्ती आहे, तर बाकीच्यांकडे मोबाइलवरील बेडरॉक, आणि या दोन आवृत्त्यांचे खेळाडू थेट एकमेकांच्या जगात प्रवेश करू शकत नाहीत. शिवाय सध्या ज्याने जग सुरू केले तो मुलगा बाहेर पडला की सर्वांचेच काम थांबते.

सर्वांनी बेडरॉकवर येऊन रेल्म्स या माइनक्राफ्टच्याच तयार सर्व्हर सेवेची मासिक वर्गणी भरावी, की घरातील जुन्या संगणकावर जावा सर्व्हर बसवून, गायझर हे जोडसाधन वापरून मोबाइलवरील मुलांनाही त्यात घ्यावे? दुसऱ्या मार्गात राउटरचे पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडावे लागत असल्यास ते कितपत सुरक्षित आहे? व्हाइटलिस्ट, म्हणजे परवानगी दिलेल्यांची यादी, वापरून केवळ ओळखीच्या मुलांनाच प्रवेश देता येतो हे मी वाचले आहे. अनोळखी व्यक्ती मुलांशी बोलू नये, ही माझी पहिली अट आहे आणि तीत तडजोड नाही. जावामध्ये बांधलेला रामकुंडाचा भाग बेडरॉकमध्ये नेण्याचा खात्रीशीर मार्ग कोणी वापरला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. नाशिकमधील कोणी जाणकार प्रत्यक्ष येऊन मुलांना दाखवू शकल्यास आम्ही अत्यंत आभारी राहू.