सल्ला हवा: आंब्याचे फोटो गिऱ्हाइकांना नीट पोचत नाहीत, फोन कुठला घेऊ? (बजेट १२ हजार)

पडवीतून
नमस्कार मंडळी. विजयदुर्गच्या बाजूला आमची छोटी हापूसची बाग आहे. मध्ये दलाल नको म्हणून बाबा आणि मी पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतो. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. अडचण अशी की फोटोत आंबा आहे तसा दिसत नाही. रंग धरलेलं फळ तिकडे हिरवट-निळसर दिसतं, चिकाचा डाग आणि कुजका डाग एकसारखेच वाटतात. मग "असले नकोत" असा निरोप येतो. व्हिडिओ पाठवायला गेले तर रेंजची एक दांडी, चक्र फिरत राहतं. बाबांना टाइप करणं जमत नाही, ते बोलून पाठवतात. १२ हजारांच्या वर जाणार नाही, फवारणी आणि मजुरीचे पैसे आधीच बाजूला काढलेत. कुठला फोन घेऊ? की दुसरं काही करू?

खाडीपलीकडे
स्पष्ट सांगतो, १२ हजारांत कॅमेरा मिळत नाही, नुसती भिंगं मिळतात. मी वापरलेला आयफोन घेतला, ३० च्या आसपास पडला. माझ्या काजूगराचे फोटो बघून दुबईहून विचारणा आली. थोडे पैसे वाढवा, एकदाच घ्या.

तांत्रिक_तात्या
ताई, फोन घेण्याआधी हे वाचा. फोटो बिघडतो तो काढताना कमी आणि पाठवताना जास्त. व्हॉट्सॲप डेटा वाचवायला फोटो आकाराने लहान करतं आणि वर दाबतं. त्यात बारीक ठिपके, सालीचा पोत, डागाच्या कडा पहिल्यांदा जातात, म्हणजे तुम्हाला दाखवायचं आहे तेच. २०२३ पासून पाठवताना वर एचडी असं बटण दिसतं, ते दाबा. त्याहून चांगलं हवं असेल तर पिनेवर टिचकी मारून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत चालते. फक्त कॅमेऱ्यात लोकेशन बंद ठेवा, कारण डॉक्युमेंटमध्ये बागेची जागाही सोबत जाते. साध्या फोटोतून ती निघून जाते.

खाडीपलीकडे
तात्या, मुळात फोटोच भिकार असेल तर मूळ फाइल पाठवून काय होणार? फोन बदला.

राजापूरची_लेक
डॉक्युमेंटचं मी करून बघितलं आहे. गिऱ्हाइकाला चित्र न दिसता फाइलचं नाव दिसतं, आयएमजी आणि पुढे लांबलचक आकडा. दादरच्या एका काकूंनी व्हायरस समजून मला ब्लॉकच केलं होतं. त्यापेक्षा व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे, कॅटलॉग करता येतो. पेटी, डझन, भाव, फोटो एकदाच टाकायचं, प्रत्येकाला वेगळं पाठवायची कटकट नाही.

माडाखालचा
गो बाय, दांडी दिसता ती टॉवराकडसून येणाऱ्या सिग्नलाची. आपल्या मोबाईलाची ताकद टॉवरापेक्षा खूप कमी. म्हणान लोकांचे फोटो तुका भराभर येतत, पण तू धाडूक गेलंस की आडकतत. फोन बदलून तां काय सुधारूचा नाय. पहाटे नायतर रात्री उशिरा धाड, तेव्हा गर्दी कमी असता. आणि घरातसून नको, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळार, जावन धाड.

वाशीचा_चाकरमानी
घरावर सिग्नल बूस्टर बसवा. ऑनलाइन ४-५ हजारांत मिळतो. माझ्या मेव्हण्याने बसवलाय, पाचही दांड्या येतात.

तांत्रिक_तात्या
नका बसवू! परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. मेव्हण्याला पाच दांड्या येतात, पण त्या यंत्राच्या गोंगाटाने बाकी वाडीची रेंज बसते.

वाशीचा_चाकरमानी
मग उघड्यावर विकतात कसे?

कुडाळचा_फोटोवाला
लग्नाचे फोटो काढणं हाच माझा धंदा, म्हणून विचारतो. फळ निळसर येतं म्हणताय, पेट्या भरता कुठे? वर काय आहे?

पडवीतून
मांगराच्या, म्हणजे बागेतल्या शेडच्या, पुढे. वर निळी ताडपत्री बांधली आहे. आत ट्यूबलाइट.

कुडाळचा_फोटोवाला
मग तुमचा कॅमेरा निर्दोष आहे. ताडपत्रीतून गाळून येणारा उजेडच निळा, त्यात ट्यूबचा वेगळा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की फोनला पांढरं काय तेच ठरवता येत नाही, आणि पिवळा रंग पहिला मरतो. आंबा उघड्यावर आणा, पण थेट उन्हात नको, उन्हात साल चमकते आणि डाग लपतो. सकाळी घराच्या सावलीत ठेवा. बाजूला कोरा पांढरा कागद ठेवा. कागद फोटोत पांढरा दिसला तर आंबाही खरा दिसणार, आणि गिऱ्हाइकालाही ताडून बघता येतं. डागासाठी दुसरा फोटो काढा: देठ कॅमेऱ्याकडे, फोन वीतभर लांब, पडद्यावर डागावरच बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथे बसतो. डिजिटल झूम करायचा नाही. चिकाचा डाग देठापासून खाली ओघळ आल्यासारखा असतो, असा जवळून काढला की कुणालाही कळतो. उरलेल्या पैशांत ट्रायपॉड घ्या.

माडाखालचा
ताडपत्रीचा माझ्याय लक्षात नाय इला. फोटोवालो बरोबर बोललो.

रत्नागिरी_एक्सप्रेस
फोटो वगैरे ठीक आहे, पण खरा हापूस म्हणाल तर रत्नागिरीचाच, त्याला फोटोची गरज पडत नाही.

देवगडकर_७२
ह्या धाग्यावरसुद्धा?! देवगडची पातळ साल आणि वास तुमच्याकडे आहे का? आणि २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांच्या हापूसला. एकट्या रत्नागिरीला नाही.

रत्नागिरी_एक्सप्रेस
मानांकन पाच जिल्ह्यांना, पण जगात नाव कुणाचं चालतं? बाजारात पेटीवर काय छापतात ते बघा.

राजापूरची_लेक
आमच्या राजापूरला कोणी विचारतच नाही. असो. ताई, अजून एक. ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर एका लिस्टीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप जातो. निम्म्या गिऱ्हाइकांना 'आंबा आला' हा माझा निरोप पोचलाच नव्हता. पहिल्या ऑर्डरलाच "नंबर सेव्ह करा" असं सांगा.

घाटावरची_सून
मी पुण्याची, आंबा घेणारी, म्हणून माझी बाजू. फोटो दहा नका पाठवू, दोन पुरे. व्हिडिओ तर नकोच, फोन भरतो. आणि कृपा करून व्हॉइस मेसेज पाठवू नका. ऑफिसात ऐकता येत नाही, नंतर ऐकू म्हणून राहून जातं, पत्ता आणि भाव त्यात शोधत बसावं लागतं.

वाशीचा_चाकरमानी
सहमत. व्हॉइस मेसेज मीही ऐकत नाही. व्हिडिओ कॉल करून पेटी दाखवा, विषय संपला.

तांत्रिक_तात्या
एका दांडीवर व्हिडिओ कॉल? चौकोन चौकोन दिसतील, आंबा कुठला आणि पेटी कुठली कळणार नाही. व्हॉइस मेसेज मात्र तिथेही जातो, मिनिटाभराचं बोलणं साध्या फोटोएवढ्या जागेतही मावतं. १०८० च्या व्हिडिओचं एक मिनिट मुळात शंभरेक एमबीचं असतं. आणि डेटा पूर्ण गेला तर एसएमएस आहेच, फक्त देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं, इंग्रजीत १६०.

खाडीपलीकडे
एसएमएस कोण वाचतं आता? आयफोन घ्या म्हणतो ते पटत नाही कुणाला.

सड्यावरचा_बागायतदार
आमची तिसरी पिढी आंब्यात आहे. फोटो कितीही स्वच्छ काढा, साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो तो दोष, बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. गिऱ्हाईक टिकतं ते "साका निघाला तर बदलून देतो" या शब्दावर. आमचा एक मोठा गिऱ्हाईक कॅटलॉगमधला सुंदर फोटो बघून आला आणि पहिल्याच पेटीनंतर गेला, कारण फोटोतलं फळ आणि पेटीतलं फळ वेगळं. त्याच पेटीचा, त्याच दिवशीचा फोटो द्या.

पडवीतून
सगळ्यांचे आभार, विशेषतः फोटोवाल्या दादांचे. आज सकाळी घराच्या सावलीत, पांढऱ्या कागदावर, जुन्याच फोनने फोटो काढला आणि एचडी करून मुंबईच्या मावशीला पाठवला. रंग ओळखू आला म्हणाली, डागही "चिकाचा ना?" असं तिनेच विचारलं.

तर फोन घेत नाही. ट्रायपॉडही नाही, हात स्थिर आहे माझा. वाडीत फायबर आलंय, १२ हजारांतून ते जोडून घेते, म्हणजे पेट्या भरतानाच फोटो जातील, सड्यावर चढायला नको.

आणि बाबांचे व्हॉइस मेसेज मी बंद करणार नाही. घाटावरच्या ताई, तुमचं म्हणणं पटतं, म्हणून भाव, पत्ता आणि पैसे कुठे भरायचे ते मी लिहूनच पाठवेन. पण फळ झाडावरून कधी उतरवलं, अढीतून कधी काढलं, कुठल्या दिवसापासून खायचं आणि साका निघाला तर काय करायचं, हे बाबाच सांगतील. आमची जुनी गिऱ्हाइकं तो मेसेज घरात सगळ्यांना मोठ्याने ऐकवतात आणि उत्तरही बोलूनच पाठवतात. एक आजी तर दरवर्षी "तुझ्या बाबांना बोलायला सांग, मग पेटी ठरवते" म्हणतात. तो शब्द त्यांच्या आवाजातच जायला हवा, मी लिहून त्याचं वजन येत नाही.

घाटावरची_सून
लिहून येणार असेल तर चालेल. ४ डझनची पेटी केवढ्याला?

पडवीतून
व्यक्तिगत निरोप केला आहे. संपादकांना विनंती, देवगड-रत्नागिरीचा वाद वेगळ्या धाग्यावर हलवावा.

देवगडकर_७२
हलवा, पण शीर्षकात देवगड आधी.