मदत हवी आहे: सोडा-व्हिनेगरचा क्षार उदासीन का येत नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळ राहतो. लेक नववीत आहे. ‘आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी’ हे तिला विज्ञान प्रदर्शनात घरातल्याच वस्तूंनी दाखवायचंय.

व्हिनेगरमध्ये खायचा सोडा थोडा थोडा टाकत गेलो. फसफस पूर्ण थांबल्यावर तांबडा लिटमस बुडवला, तो निळा झाला. आम्ल संपलं, क्षार झाला, मग द्रावण उदासीन का नाही?

दर्शक म्हणून (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवायला) तिला कोकमच वापरायचंय. आगळ (कोकमाचा घट्ट रस) चालेल का?

आणि तिचा खरा प्रश्न वेगळाच आहे. मिठागरात कोणी आम्ल ओतत नाही की आम्लारी, मग मीठ हा ‘क्षार’ कसा? १९३० चा मिठाचा सत्याग्रह ज्या शिरोड्यातही झाला तिथली पोर हे विचारणारच. ‘पुस्तकात आहे म्हणून’ असं उत्तर मला द्यायचं नाही.

प्रतिसाद:
ताई, लेकीचा प्रश्न फार आवडला. आधी लिटमसचं. फसफस थांबली म्हणजे आम्ल संपलं, पण त्यानंतर पडलेला सोडा तसाच उरतो आणि तो स्वतः सौम्य आम्लारीधर्मी असतो. माप अगदी जुळलं तरी झालेला क्षार सोडियम ॲसिटेट. ॲसिटिक आम्ल दुर्बल, म्हणून ॲसिटेट आयन पाण्यातला थोडा हायड्रोजन स्वतःकडे ओढतो, मागे हायड्रॉक्साइड राहतो आणि सामू (pH) उदासीन पाण्याच्या ७ च्या वर जातो. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचा क्षार, उदाहरणार्थ आपलं मीठ, उदासीन असतो.

शिवाय खायचा सोडा हाच मुळात क्षार आहे. खरं उदासिनीकरण दाखवायचं तर चुन्याची निवळी (चुना पाण्यात कालवून खाली बसल्यावर वर राहिलेलं स्वच्छ पाणी) आणि व्हिनेगर घ्या. फसफस होणार नाही, कॅल्शियम ॲसिटेट आणि पाणी तयार होईल. पाणी आटवलं की पांढरा क्षार बशीत उरतो. म्हणूनच आगळ नको, त्यात मीठ घातलेलं असतं, बशीत तेच दिसेल. बिनमिठाची सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) भिजवा. निवळीत त्यांचा लाल रंग पालटेल, व्हिनेगर पुरेसं पडलं की परत येईल. निवळी डोळ्यांत उडू देऊ नका.

मिठागरात मीठ तयार होत नाही, वेगळं होतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सोडियम खडकांची झीज होऊन आलं, क्लोराइड बरंचसं ज्वालामुखींच्या वायूंतून, त्यात हायड्रोजन क्लोराइडही होता. म्हणजे आम्ल आणि खडक यांची गाठ कोट्यवधी वर्षांपूर्वीच पडली. ऊन फक्त पाणी उडवतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार! हे वाचून लेक वही घेऊनच बसली. उद्या निवळी करतो. बिनमिठाची सोलं वेंगुर्ल्याच्या बाजारात या दिवसांत मिळतील का? कुणाला ठाऊक असेल तर सांगा.