वडील गेल्यानंतर धाकट्या भावाला ‘डीमन स्लेयर’चा पहिला भाग वाचायला द्यावा का?

कृष्णाकाठ

नमस्कार. प्रश्न लहान वाटेल, पण चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

माझा धाकटा भाऊ सातवीत आहे. आमच्यात दहा वर्षांचं अंतर. गेल्या मार्चमध्ये बाबा गेले. परवा त्याच्या दप्तरात मित्राकडून आणलेला ‘डीमन स्लेयर’ या जपानी चित्रकथामालिकेचा (मांगा) पहिला भाग सापडला. आईने चाळला, बर्फात रक्ताच्या थारोळ्यात पडलेली मुलं बघितली आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. “असलं काही घरात नको.” तेव्हापासून भाऊ जेवायला येतो, जेवतो, उठून जातो.

रात्री मी ते काढून वाचलं. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, त्याची सवय व्हायला थोडा वेळ लागला. मग दोन वाजेपर्यंत खाली ठेवलं नाही.

तांजिरो हा डोंगरात राहणाऱ्या, कोळसा विकून जगणाऱ्या घरातला थोरला. वडील आधीच वारलेले. पाठची बहीण नेझुको, तिच्यामागे आणखी चार. बर्फ पडतंय, आज नको जाऊस, असं आई म्हणते. नव्या वर्षाला सगळ्यांना पोटभर जेवायला मिळावं म्हणून हा जातो. परतताना अंधार पडतो आणि एक म्हातारा त्याला रात्रीपुरतं ठेवून घेतो. सकाळी घरी येतो तर सगळं संपलेलं. नेझुकोच्या अंगात धुगधुगी असते, तिला पाठीवर घेऊन तो बर्फातून निघतो आणि वाटेत कळतं की ती राक्षस झाली आहे.

पण मी अडकले ते त्याच्या आधीच्या पानावर. नेझुको धाकट्याला पाठीशी बांधून उभी आहे आणि दादाला म्हणते की बाबा गेल्यापासून ही सगळी तुझ्याच मागे मागे असतात. आमच्याकडे अगदी हेच झालंय. मी कामावरून साडेसातला येते, आणि सातपासून हा फाटकाशी उभा असतो. तांजिरो त्या रात्री घरी नव्हता. हे वाचून माझा भाऊ काय घेईल? आणि मला एखाद्या दिवशी उशीर झाला तर?

द्यावं का त्याला? ज्यांनी पुढचं वाचलंय त्यांनी कृपया सांगा.

पुस्तकपेटी

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. माझं मत, एक-दोन वर्षं थांबा. याच मालिकेच्या २०२० सालच्या चित्रपटाला खुद्द जपानमध्ये पीजी-१२ दाखला होता, म्हणजे बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या मार्गदर्शनाशिवाय नको. तुमचा भाऊ त्या उंबरठ्यावर आहे, आणि घाव ताजा आहे.

निशिकासाईकर

ताई, मी तोक्योत राहतो, माझ्या मुलीने सगळे २३ भाग वाचलेत आणि तिच्या मागोमाग मीही. द्या, असं माझं मत आहे. पण एकटा पहिला भाग देऊ नका.

पहिला भाग ऐन झुंजीत तुटतो. फुजिकासाने डोंगरावर, ज्याच्या पायथ्याला विस्टेरियाची फुलं बारमाही फुललेली असतात आणि त्यांच्या भीतीने राक्षसांना खाली उतरता येत नाही, तिथे राक्षस मारणाऱ्यांच्या पथकात जाण्यासाठी तांजिरोची परीक्षा चालू असते: सात दिवस जिवंत राहायचं. समोर येतो तो अंगभर हात फुटलेला राक्षस. इतकी वर्षं तिथे कोंडलेला की तो मेइजीचं कितवं वर्ष चाललंय म्हणून विचारतो, आणि तांजिरो सांगतो, आता ताइशो चालू आहे. (मेइजी आणि ताइशो हे जपानच्या सम्राटांचे लागोपाठचे कालखंड; ताइशो म्हणजे १९१२ ते १९२६. तलवार बाळगायला १८७६ मध्येच बंदी आलेली, म्हणून पुढे तांजिरोला ती लपवून न्यावी लागते.) मुलगा इथे थांबला तर त्याच्या मनात राहील ते फक्त ते भयंकर हात.

पुढचं ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणाचं नाव ‘दादा’ असं आहे. तो राक्षस मरताना त्याला आठवतं की आपण लहान होतो, रात्रीची भीती वाटायची आणि दादाचा हात धरायचा होता. तांजिरो त्याचा विरत चाललेला हात हातात घेतो. या कथेतला प्रत्येक राक्षस आधी माणूस होता, आपल्या पुराणातल्यासारखा राक्षसकुळात जन्मलेला नव्हे. माझ्या मुलीला हे कळलं त्या दिवशी तिची रात्रीची भीती गेली.

आणखी एक. नेझुकोच्या किमोनोवरची नक्षी नीट बघा, षटकोनात चांदण्यांसारखी. ती धाग्यासाठी लावतात त्या भांगेच्या (हेम्प) पानाची, ‘आसानोहा’. हे झाड सरळ आणि भराभर वाढतं, म्हणून इथे तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ती घालायची रीत आहे. माझ्या मुलीच्या पहिल्या दुपट्यावर, शेजारच्या आजींनी दिलेल्या, तीच होती. म्हणून नेझुकोला बघताना कुणीतरी तिच्या वाढीसाठी मागणं मागितलंय असंच मला वाटत राहतं.

माणदेशी

मी आठवीत असताना वडील गेले. घरात सगळे माझ्यासमोर त्यांचा विषय टाळायचे, आणि मला वाटायचं की मी त्यांना विसरावं असं सगळ्यांना वाटतंय. पुस्तक कपाटावर ठेवलं तरी ते घरातच आहे. आधी आईला वाचायला द्या. तांजिरोच्या तोंडाला लागलेलं काळं त्याची आई पुसते, ते पान उघडून द्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तकपेटी, तुमचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, पण पुस्तक त्याने आधीच अर्धं वाचलेलं निघालं. शाळेच्या बसमध्ये.

आईने रविवारी दुपारी वाचलं. ते पुसण्याचं पान तिने बराच वेळ उघडं ठेवलं होतं. मग तिनेच त्याला हाक मारली आणि आम्ही तिघं चटईवर बसलो. राक्षसांना ऊन सोसत नाही, म्हणून नेझुकोला दिवसा न्यायला तांजिरो एका शेतकऱ्याकडे टोपली मागतो, ती मोडकी आहे, अशीच घेऊन जा असं तो म्हणतो, तरी हा पैसे देतोच, तिथे आई म्हणाली, “वळण आहे पोराला.” नेझुको अंग लहान करून त्या टोपलीत शिरते ते चित्र भावाने आईला दोनदा दाखवलं.

बर्फातली पानं मात्र त्याने माझ्याकडे न बघता उलटली. रात्री अंथरूण घालताना म्हणाला, “ताई, उशीर होणार असला तर तू तिथूनच फोन करशील?”

कालपासून इस्लामपूरहून एसटी सुटली की मी फोन करते. दुसरा भाग मागवलाय, शनिवारी येईल.